मागच्या सीटला ब्रेक नसतो

मंगळवार, ५ मार्च

मॅनेजरबाईंना,

त्यांच्या एकमेव ड्रायव्हरचा नमस्कार. ‘प्रिय’ लिहिणार होतो, पण ते तू लेकीला फोनवर वाचून दाखवशील आणि दोघी मिळून हसाल, म्हणून राहू दे. मी सुखरूप पोचलो. बसचा ड्रायव्हर बरा होता, फक्त वळणावर क्लच दाबून ठेवायची खोड आहे त्याला. उतरताना तसं सांगितलं. त्याने काही आभार मानले नाहीत. तू म्हणायचीस ना, की तुमच्या शेजारी बसलं की माणूस गाडी चालवणं विसरतो. म्हणायचीस आणि एक दिवस खरंच चालवणं सोडलंस. तो बिचारा तर माझ्यापासून चार रांगा पुढे होता.

फोन असताना पत्र कशाला, असं विचारशील. अगं, लेकीचं घर म्हणजे एक खोली आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात स्वयंपाकाचा ओटा. मी खोकलो तरी तिला ऐकू जातं, आणि मला बोलायचंय ते तिच्याविषयीच. ती कामावर गेली की टेबल माझं. खिडकीशी बसून लिहितोय.

आधी आपल्या कामाचं सांगतो. विषय अजून काढलेला नाही. डोळे दाखवायला आलोय ही आपली थाप तिला पटलेली दिसते, डॉक्टरची वेळसुद्धा घेऊन ठेवली तिने. तू निघताना बजावलंस ते पाठ आहे माझं. मागच्या वर्षी लिफ्टच्या त्या परीक्षेत थोडक्यात नापास झाली तेव्हा पोरीने कसं अंथरूण धरलं होतं ते तू पाहिलंयस. ते पुन्हा नको. परीक्षेला बसायच्या आधीच समजावून घरी आणायचं, आपलं ड्रायव्हिंग स्कूल तिच्या हाती द्यायचं आणि माझ्या गुडघ्याला सुट्टी द्यायची. मला सगळं पटतं. पण विषय काढायला ती बाई एका जागी सापडायला तर हवी.

सकाळी सायकल खांद्यावर टाकून जिना उतरते. लिफ्ट दुरुस्त करणारी ही, आणि राहते बिनालिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. मी टोमणा मारला, तर म्हणाली, “बाबा, दिवसभर त्यांची रडगाणी ऐकते, घरी तरी शांतता नको?”

काल मला कामावर घेऊन गेली. एका दवाखान्याची लिफ्ट मध्येच रुसून उभी राहत होती. हाताखालचे दोघं तिच्याहून वयाने मोठे, आणि दोघांचंही म्हणणं पडलं की मोटर गेली. हिने रिकामी लिफ्ट खालीवर फिरवली, प्रत्येक मजल्यावर दाराला कान लावला, आणि दुसऱ्या मजल्याच्या दाराचं झिजलेलं चाक काढून हातावर ठेवलं. सुपारीएवढं. “दार पूर्ण लागलंय अशी हिची खात्री पटत नव्हती, म्हणून हलत नव्हती,” म्हणाली. मग त्या दोघांकडून ते बसवून घेतलं. स्वतः हात लावला नाही, नुसती बाजूला उभी राहिली. एकाने उलटं बसवलं तरी गप्प. त्याचं त्याला कळलं, मग त्याने सरळ केलं. मला राहवत नव्हतं, मी दोनदा घसा खाकरला.

तुला वाटेल, नोकरी झाली, अभ्यास झाला, सायकल झाली, मग माणसांना कुठून वेळ देत असेल. मलाही तेच वाटत होतं. तर खाली रस्त्यावर एक फुलवाली आहे, हिची मैत्रीण. संध्याकाळी ही तिच्या दुकानात बसून देठांची पानं काढते आणि तोंडाने अभ्यास म्हणते. फुलवाली पुष्पगुच्छाबरोबर द्यायची कार्डं लिहीत असते, अक्षर छापल्यासारखं. मध्येच दोघी कुणाच्या तरी प्रेमप्रकरणावर घसरतात, पोट धरून हसतात आणि पुन्हा लिफ्टचे नियम सुरू. तूही एका कानाला फोन लावून दुसऱ्या हाताने पावत्या फाडतेस, तेव्हा अशीच दिसतेस.

आणि एक ‘रेडिओ’ आहे. रेडिओवर बातम्या वाचते म्हणून हे नाव. तिला जन्मापासून दिसत नाही, बोटांनी उठावाचे ठिपके वाचून बातम्या सांगते. दर रविवारी या दोघी दोन सीटच्या सायकलवर जातात, पुढे आपली लेक, मागे रेडिओ. मागचं हँडल वळत नाही, नुसतं धरायला असतं. त्याला रेडिओने परीक्षेचे प्रश्न ठिपक्यांत उठवून चिकटवलेत. एका बोटाने वाचते आणि विचारते, “सगळे दोर तुटले तर केबिन कशाने थांबते?” आणि ही पुढे बघत, पेडल मारत, सिग्नलला थांबत, खणखणीत उत्तर देते. लोक वळून बघतात. मी तर बघतच राहिलो.

विषय या रविवारी काढतो.

तुझाच

बुधवार, १३ मार्च

मॅनेजरबाई,

नमस्कार. इकडे हवा छान आहे. डोळे दाखवले, उत्तम आहेत. सध्या स्वयंपाक मी करतो. भात जमतो, अंडी जमतात, बाकी फुलवाली सूप पाठवते. सकाळी लेकीची वेणीसुद्धा मीच घातली. सैल झाली, पण तिने चालवून घेतली.

वेणी तुम्ही का घातलीत, असं तू आत्ता म्हणालीस. इथवर ऐकू आलं. तर आता नीट बसून वाच, आणि आधीच सांगतो, घाबरण्यासारखं काही नाही.

रविवारी रेडिओला सकाळच्या बातम्या होत्या, म्हणून मागची सीट रिकामी. लेक म्हणाली, “चला बाबा, तुम्ही बसा.” मी बसलो. निघताना तिने मला समजावलं. मला, ज्याने निम्म्या गावाला गाडी शिकवली. “दोघांची पेडलं एकाच साखळीला आहेत. माझा पाय फिरला की तुमचा फिरणार, तुमचा अडला की माझा अडणार. मागे ब्रेक नाही. मागे फक्त पेडल. बाकी माझ्यावर सोडा.” मी म्हटलं, बरं.

आणि काय सांगू तुला, काय चालवते पोरगी. खांदे सैल, नजर लांब, दारं उघडणाऱ्या गाड्या तिला आधीच कळतात. मला ते ठिपके वाचता येईनात, तर स्वतःच प्रश्न घालून स्वतःच उत्तरं देत होती. तिची पाठ माझ्यासमोर, आणि मला वाटत होतं, ही पाठ एवढी रुंद कधी झाली?

चौकात डावीकडून एक बस आली. तिला दिसली होती. ती वेग कमी करतच होती. पण माझा उजवा पाय, तुला माहीत आहे तो. तीस वर्षं शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून माझ्या बाजूच्या दुसऱ्या ब्रेकवर ठेवलेला पाय. तो खाली गेला आणि पेडल दाबून अडकून बसला. तिचे पाय जागच्या जागी थांबले, सायकल कलली आणि आम्ही दोघं फुटपाथवर. बस आमच्यापासून चांगली लांब उभी होती. तिच्या ड्रायव्हरने खाली उतरून आम्हाला उचललं.

मला खरचटलंसुद्धा नाही. तिने पहिलं विचारलं, “बाबा, लागलं का?” तेव्हा ती उजवा हात डाव्या हाताने धरून बसली होती.

हाड मोडलेलं नाही. मनगट चांगलंच मुरगळलंय, पट्टी घातली आहे. डॉक्टर म्हणाला, तीन आठवडे पेन धरायचं नाही. परीक्षा शनिवारी, २३ तारखेला आहे, आणि पेपर हाताने लिहायचा.

पुढचं लिहायचं मी कालपासून टाळतोय. डॉक्टर हे बोलला, त्या क्षणी माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. हो, उतरलं. मनात आलं, सुटलो. आता विषय काढायला नको, समजवायला नको. परीक्षाच नाही, म्हणजे पोरगी आपोआप घरी. मी तिच्या शेजारी बसून, तिचा सुजलेला हात बघत, हा विचार केला. तुला सांगतोय, कारण हे वाचताना तुलाही क्षणभर हलकं वाटलं असेल. खोटं बोलू नकोस.

आणि ती? पट्टी बांधून होईपर्यंत ओठ आवळून होती. मग म्हणाली, “कुठे होते मी? हां. दोर तुटून केबिनचा वेग वाढला, की तिच्याखालचे जबडे दोन्ही बाजूंचे रूळ पकडतात.” चौकात अर्धं राहिलेलं उत्तर तिने डॉक्टरच्या टेबलाशी पूर्ण केलं. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला. मी खिडकीबाहेर बघितलं, कारण माझ्या त्या उत्तम डोळ्यांत पाणी आलं होतं.

संध्याकाळी रेडिओ आली. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. तिला वाईट वाटेल, ओरडेल, असं वाटलं होतं. ती म्हणाली, “काका, मी शाळेपासून एकही पेपर स्वतःच्या हाताने लिहिलेला नाही. परीक्षेला हात कुठे लागतो?” अर्ज कुठे करायचा, डॉक्टरचा दाखला कसा हवा, सगळं तिला तोंडपाठ. सांगितलेलं लिहून घेणारा लेखनिक मिळतो. अट एकच, त्याला त्या विषयातलं ओ की ठो कळता कामा नये.

फुलवाली म्हणाली, “मग माझ्याइतकं लायक कोण आहे?”

आता रोज संध्याकाळी दुकानात तालीम चालते. लेक बोलते, फुलवाली वाया गेलेल्या कार्डांच्या पाठीवर लिहिते, रेडिओ मध्येच टोकते: “सावकाश. नवीन मुद्दा आला की तसं सांग. आकृती असेल तर एकेक रेघ सांग.” आणि मॅनेजरबाई, तिला सांगता येतं. इतके रविवार रस्त्यावर मोठ्याने उत्तरं दिली आहेत, ते सगळं कामाला आलं. मी कोपऱ्यात देठांची पानं काढतो. काल फुलवालीने एक शब्द चुकीचा लिहिलेला मला दिसला. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मिनिटभराने लेकीने वाचून घेतलं आणि तिला दुरुस्त करायला सांगितलं.

विषय काढलेला नाही.

तुझा

शनिवार, २३ मार्च

मॅनेजरबाई,

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी, त्यातली शेवटची ‘दोघांची तिकिटं काढा’. जिन्यात उभा राहून वाचलं. घाबरून लिहिलंयस, ते अक्षरावरून कळलं. रागाने नाही, हेही कळलं.

मी परीक्षेच्या इमारतीसमोर बाकावर बसलोय. ती आत आहे, शेजारी फुलवाली. दोघींना वेगळी खोली दिली आहे. रेडिओ माझ्याजवळ आहे, आणि मी काय लिहितोय ते विचारत नाही.

काल मी भांडी घासत असताना लेक म्हणाली, “बाबा, आईने तुम्हाला मला न्यायला पाठवलंय ना?”

मी म्हटलं, “तुला कधी कळलं?”

“आलात त्या दिवशीच. खिडकीतून त्या टोकाच्या बसचा नंबर वाचून दाखवलात, आणि म्हणे डोळे दाखवायचेत.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले.” मग माझ्याकडे पाठ करून, “मी पुन्हा नापास झाले तर काय होईल, याची तुम्हाला दोघांना भीती वाटते. मलाही वाटते. पण ती माझी मला वाटू द्या ना.”

मी ताट पुसत राहिलो, तेच ते ताट. मग म्हटलं, “मला एकाचंच तिकीट मिळालं.” ती वळली नाही, पण तिचे खांदे सैल झाले, सायकलवर असतात तसे.

ती पास होईल का, मला माहीत नाही. मागच्यासारखी आपटलीही असेल. आपटली तर पुन्हा अंथरूण धरेल आणि तुझ्या-माझ्या जिवाला घोर लागेल. पण तिला उचलायला आता इथे फुलवाली आहे, रेडिओ आहे, ते हाताखालचे दोघं आहेत. परवा ते पाव घेऊन भेटायला आले होते. आणि ती स्वतः आहे. एवढी मोठी गाडी ती एकटी चालवते आणि मी तिच्याशेजारी पाय दाबून बसायला आलो होतो. लाज वाटते, पण त्याहून जास्त अभिमान वाटतो. तू इथे असायला हवी होतीस.

स्कूलचं काय करायचं ते आपण दोघं बघू. माझ्या गुडघ्यासाठी दुसरा कुणी शिकवणारा ठेवू, नाहीतर बंद करू.

घंटा झाली. लोक बाहेर येतायत. ती दिसली, वेणी आज फुलवालीने घातली आहे, नीट. चेहऱ्यावरून काही कळत नाही. मी उठून धावत जाणार नाही. येईल ती.

मी बुधवारच्या रात्रीच्या बसने निघतो, गुरुवारी सकाळी पोचेन. स्टँडवर रिक्षा करणार नाही. कपाटाच्या वरच्या कप्प्यात तुझं लायसन्स आहे, मुदत मी दर वेळी वाढवत आलोय, तुला न सांगता. गाडी घेऊन ये. स्कूलची नको, घरची आण. वाटेत बंद पडली तर पडू दे, पुन्हा सुरू कर.

मी पुढे बसणार नाही.

मागच्या सीटवरचा,
तुझा