चौथं कडवं

पारनेर,
१८ फेब्रुवारी १९४६

प्रिय नूरुद्दीन,

तुझी खुशाली विचारायला तोंड नाही, म्हणून माझीच सांगतो. माझं झकास चाललंय. साप्ताहिकात दर शुक्रवारी कुणाची तरी सालटी काढतो, लोक हसतात, मामलेदार लांबूनच नमस्कार ठोकतात. नोकरीवरून घरी बसवलंय ते तुला.

दोन वर्षांपूर्वी ज्वारीवरच्या काणी रोगानं हैराण होऊन तू आलास, आठवतं? "गहिन्या, बियाण्याला पाऱ्याची भुकटी चोळा म्हणून पत्रकं वाटली, तर लोकांनी त्यात तंबाखू बांधली. गाणं करून दे." मग महिनाभर तुझ्या ओसरीवर आपली हमरीतुमरी. भुकटीचं माप चालीत बसेना. मी ते बदलायला निघालो, तर तू माझा हातच धरलास. शेतकी खात्यातला माणूस बोटांवर मात्रा मोजतोय हे बघून शरिफाभाभींच्या हातातला चहा हिंदकळायचा. मी इतक्या आनंदात पुन्हा कधी लिहिलं नाही.

चौथं कडवं मात्र तू एकट्यानं लिहून आणलंस. भुकटीचं बी खाऊ नका, धुतलं तरी विष जात नाही, कोंबड्यांनाही घालू नका, उरलं तर खोल पुरा. मी म्हणालो, "हे कडवं नाही, दवंडी आहे." तिसरं कडवं भरल्या कणसांवर संपायचं, बाया तिथं डोलायच्या, त्यावर हे विष कशाला? तू म्हणालास, हे नसेल तर गाणंच नको. मी मान डोलावली आणि छापखान्यात जाऊन तांबड्या शाईनं ते खोडलं. छापील प्रत बघून तू दोन दिवस बोलला नाहीस. नंतर बियाणं वाटताना प्रत्येकाला तोंडी बजावलंस. पण बियाणं न्यायला आले पुरुष. जात्यापर्यंत पोचलं ते माझं गाणं.

यंदा पावसानं पाठ फिरवली, निम्मी रानं पेरलीच नाहीत. बियाणं घरात उरलं आणि रेशनच्या दुकानाला कुलूप. आमच्या मागच्या आळीतल्या राहीबाईनं तेच दळलं. माझं गाणं म्हणत दळलं. महिन्याभरात तिच्या सुनेचे, बनुबाईचे, हात कापू लागले, मग चालताना तोल जाऊ लागला, मग बोलणं बोबडं झालं. मार्गशीर्षात ती गेली. नातीला आता दिसत नाही. ती हाताने भिंत चाचपत दारापर्यंत येते.

चौकशीत राहीबाई म्हणाली, "सायेब, गानं मला तोंडपाठ हाय. त्यात खाऊ नका आसं कुठं न्हवतं." साहेबानं तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालास, "गाणं मीच मंजूर केलं होतं." मी शेजारच्या खुर्चीत टोपीची घडी घालत बसलो होतो. अख्ख्या तालुक्याला जिभेनं सोलणारा मी, त्या दिवशी मला साधा खोकलासुद्धा आला नाही. तू असं का केलंस ते विचारत नाही. उत्तर ठाऊक आहे, ते पेलत नाही.

परवा राहीबाईकडे जाऊन सांगितलं, ते कडवं होतं, मी खोडलं. वाटलं, थुंकेल. ती जात्यापाशी जाऊन बसली. मग म्हणाली, "म्हना आता." मी म्हटलं. तुझी ती दुसरी ओळ चालीत बसतच नाही, आजही नाही. काल सकाळी तिच्या दारावरून जाताना ऐकलं. त्या ओळीशी ती जातं थांबवते, ओळ नुसती बोलते आणि मग पुन्हा खुंटा धरते. एवढं मला सुचलं नव्हतं.

तुझ्या अक्षरातला, माझ्या तांबड्या रेघेचा तो कागद माझ्या पेटीतच होता. आज कबुलीजबाबासह चौकशी अधिकाऱ्याला रजिस्टरनं पाठवला. शुक्रवारच्या अंकातही छापतोय. तुला पुन्हा बोलावतील. हे पत्र तेवढ्यासाठीच लिहितोय, नूरुद्दीन. या खेपेला मला वाचवू नकोस.

तुझाच, अजून म्हणू देशील तर,
गहिनीनाथ