अक्काची पट्टी आणि नवा कीबोर्ड

५ जानेवारी, रविवार
काल इंदिरानगरच्या हॉटेलात कीबोर्डने मान टाकली. मधल्या सप्तकातल्या काही पट्ट्या मुक्या. दाबल्या की नुसतं टकटक. अक्का अंतऱ्यावर होत्या. एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गात राहिल्या. नवीनने गिटारवर कसंबसं भरून काढलं. तिघांचा बँड, त्यातलं एक वाद्य मुकं झालं तर राहतं काय.
रिक्षात नवीन म्हणाला, "वैशाली मेडम, हा आता दुरुस्त नाही होणार."
अक्का म्हणाल्या, "नवा घेऊया. घाई नको. आणि मला सोडून जाऊ नकोस दुकानात."
त्यांना कधी वाद्यांत रस नव्हता. गातात, माईक खाली ठेवतात, घरी जातात.

११ जानेवारी, शनिवार
दुकान. परवडणारे असे तीनच. पहिला फारच लहान, त्यात माझा डावा हात कुठे ठेवू? उरले दोन.
एक सेकंडहँड, अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा, जड. पियानोसारखा. बोट ठेवलं आणि बेळगावची शाळा आठवली. सिस्टरांचा तो जुना पियानो, पट्टी बोटाला उलटं ढकलायची. इतक्या वर्षांनी तसलं वजन बोटाखाली. उठवेना.
दुसरा एकसष्ट पट्ट्यांचा. हलका, प्लास्टिकचा. तबला-ढोलकीचे ताल आतच. पट्ट्या मात्र अगदीच पोकळ.
अक्कांनी विक्रेत्याला एकच विचारलं, "गाण्याची पट्टी उतरवायची कुठून?"
जड कीबोर्डला एक बटण धरून ठेवायचं, दुसऱ्या हाताने खालची पट्टी दाबायची. "गाणं चालू असताना नको मेडम, संपल्यावर बदला."
हलक्याला वरच दोन बटणं. एक चढवायचं, एक उतरवायचं. अक्कांनी स्वतः उतरवायचं बटण दाबलं. परत दाबलं.
"हे सरी आहे." सरी म्हणजे त्यांचं 'ठीक'.
मी हसले. "अक्का, तुमची काळी चार. इतकी वर्षं तीच. तुम्हाला कशाला उतरवायला लागते?"
त्या बासऱ्या बघायला पलीकडे गेल्या.

१९ जानेवारी, रविवार
प्रॅक्टिस, बसवनगुडीला अक्कांच्या पुढच्या खोलीत. उसना आणलेला कीबोर्ड.
नवीनचं मत जड कीबोर्डला. ताल तो फोनवरून लावेल म्हणतो. "किती दिवस खेळणं वाजवणार तुम्ही?" खरंच आहे. मी मनाने त्याच्याच बाजूला.
सुरू करताना अक्का, "आज स्वल्प खाली घे." पांढरी पाच घेतली. नवीनने गिटारच्या तारांवरचा कॅपोचा चिमटा काढला. दोन गाण्यांनंतर, "अजून." काळी तीन. आता नवीनचे सगळे कॉर्ड बदलले. तो चिडला, पण अक्कांपुढे बोलत नाही.
"सर्दी आहे का?" मी विचारलं.
"थंडी आहे की."
पाणी पिताना हात गळ्यावर. गिळून होईपर्यंत तसाच.

२६ जानेवारी, रविवार
एकटीच गेले. अक्का अवरेकाळू, म्हणजे आपले पावटे, सोलत बसल्या होत्या. मीही सोलायला लागले. मग त्याच, मान वर न करता:
"गळ्यात गाठ आहे. काढायलाच पाहिजे म्हणतात. आवाजाची नस तिथूनच जाते."
"मग आवाज?"
"राहील, बदलेल. जाईल पण. डॉक्टर काही लिहून देत नाही."
"कधी?"
"मराठी मंडळाचा कार्यक्रम होऊ दे. मग."
घरात फक्त त्यांच्या यजमानांना, रावअण्णांना माहीत. नवीनला सांगायचं नाही. "कळलं की तो माझ्याकडे पेशंटसारखा बघत वाजवेल. मला ते सहन होणार नाही."
निघताना दारात म्हणाल्या, "त्या जड पट्ट्यांवर तुझी बोटं थांबली होती, पाहिलं मी. तोच घे. माझं मी निभावते."
मेट्रोत के. आर. पुरमपर्यंत उभीच. बसायला जागा होती.

१ फेब्रुवारी, शनिवार
हलका घेतला.
दुकानात शिरल्यावर जडवाल्याकडे गेलेच नाही. त्याग वगैरे काही वाटलं नाही. उलट राग आला, कुणाचा ते कळलं नाही. पाठीवर पिशवी लावून मेट्रोने घरी. माझा नवरा उदय उचलून म्हणाला, "इतका हलका? खेळण्यातला वाटतो गं."
रात्री वाजवून पाहिला. आवाज बरा आहे. बोटांना काहीच कळत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
नवीन पिशवी उघडताना बघत होता.
"हा का?"
"परवडला म्हणून."
"तोपण परवडत होता. आपण बोललो होतो मेडम."
मी ताल लावला, म्हणजे बोलायला नको. अक्का खिडकीशी उभ्या. त्यांनी ऐकलं. संध्याकाळभर त्या माझ्याशी फार प्रेमाने वागल्या, ते जास्त लागलं.
नवीन गेल्यावर अक्कांची आणि माझी खूण ठरली. त्यांचा डावा हात माईकच्या दांड्यावर आला की मी उतरवायचं बटण एकदा दाबायचं. नवीनला काय सांगायचं, विचारलं. "त्याचा कान चांगला आहे. तो धरेल."
कान चांगला असून काय होतं? गिटारला असं बटण नसतं.

१६ फेब्रुवारी, रविवार
कार्यक्रम झाला. जमेल तसं लिहिते.
हॉल भरलेला. पहिली गाणी काळी तीनवर, ठीक. मग त्यांचं ते नेहमीचं, ज्याच्यासाठी लोक येतात. ध्रुवपद संपता संपता हात दांड्यावर. मी उतरवलं. माझा सूर खाली, नवीनचा वरच. दोन्ही एकदम वाजले. पुढच्या रांगेतल्या बाईंनी डोळे मिटले होते, ते उघडले. नवीन पट्टी शोधतोय, मी परत वर जाऊ की खालीच राहू, आणि अक्का मध्ये, दोघांपैकी कुणाच्याच सुरात नाहीत.
त्या थांबल्या. हात वर करून आम्हालाही थांबवलं.
माईकवरच म्हणाल्या, "स्वल्प थांबा. माझा आवाज उतरलाय. गळ्याचं ऑपरेशन आहे. या मुलांची चूक नाही, मी लपवलं होतं. पट्टी खाली घेते आणि पहिल्यापासून म्हणते. चालेल ना?"
मग पुढच्या रांगेतल्या त्याच बाई, "म्हणा अक्का. म्हणा."
नवीन अक्कांकडे बघत होता, त्यांनी नको म्हटलं होतं अगदी तसा. मग खाली बघून मला हळूच, "कुठली?"
"पांढरी चार."
कॅपो लावला. मान हलवली.
अक्का गायल्या. वरच्या सा-ला गेल्याच नाहीत. जवळ जाऊन खालूनच वळल्या. ते गाणं मी शेकडो वेळा वाजवलंय. आज पहिल्यांदा त्यातले शब्द ऐकले. बटणाला परत हात लावावा लागला नाही.
नंतर नवीनने आपली गिटार एकट्यानेच आवरली. कीबोर्डची पिशवी मात्र त्यानेच खाली नेली.

१७ फेब्रुवारी, सोमवार
नवीनचा फोन, ऑफिसात असताना. जिन्यात जाऊन घेतला.
"मला सांगायला पाहिजे होतं."
"अक्कांनी नको म्हटलं होतं."
"त्यांचं सोडा. तुम्ही सांगायला पाहिजे होतं. मी काय बाहेरचा आहे?"
तो थांबला, फोन ठेवला नाही. मग विचारलं, ऑपरेशनच्या दिवशी कोण कोण जातंय.

२ मार्च, रविवार
ऑपरेशन झालं गेल्या सोमवारी. गाठ निघाली, तपासायला दिली, रिपोर्टमध्ये वाईट काही नाही. नसेबद्दल डॉक्टर म्हणतात, वाट बघा. सध्या बोलायचं नाही.
आज भेटलो. गळ्याला पट्टी, चेहरा लहान झालेला. रावअण्णा एकटेच सगळं बोलत होते, त्या नुसत्या बघत होत्या. नवीनने हुबळीहून आणलेला पेढा पुढे केला, मग गिळता येईल का म्हणून मागे घेतला, तेव्हा अक्कांना हसू आलं. आवाज न करता.
इंदिरानगरच्या हॉटेलवाल्याचा निरोप आलाय, दुसरी गायिका आणता का. नवीन म्हणाला, आत्ता नाही. दोघं किती दिवस नाही म्हणणार?

२३ मार्च, रविवार
बसवनगुडी. अक्कांनीच बोलावलं, कीबोर्ड घेऊन. थोडं गाऊन बघायला परवानगी मिळाली आहे. बोलतात ते कुजबुजल्यासारखं, वाक्याच्या शेवटी नुसती हवा.
मी सा द्यायला हात पुढे केला. त्यांनी मनगट धरलं.
"नको. तू दिलास की मी त्याच्या मागे धावते. मी लावते. तू शोध."
डोळे मिटून बसल्या. पहिल्यांदा नुसता श्वास. दुसऱ्यांदा पण. नवीन रस्त्याकडे बघत होता. रावअण्णा आतल्या दारात येऊन उभे.
मग सा आला. बारीक, कडा फाटलेला, पण आला आणि टिकला थोडा वेळ. मी आवाज अगदी लहान करून शोधायला लागले. पांढरी तीन खाली पडत होती. पांढरी चार वर जात होती. दोन्हींच्या मध्ये पट्टीच नाही.
त्यांनी डोळे उघडले. "सापडला?"
"नाही अक्का. अजून नाही."
"सरी. मग परत लावते."