चारशे बियांचा प्रोग्राम

४ जानेवारी १९९३, सोमवार

शी! लॅबच्या धर्मराज सरांचा प्रोग्राम आज पहिल्यांदा वरून खालपर्यंत वाचला. नंतर डबा खायची इच्छाच राह्यली न्हाई.

पास्कलसारख्या सुंदर भाषेत इतकं घाण लिहिता येतं? पानापानावर टर्बो नावाच्या पास्कल कंपायलरची खास फंक्शन्स. इथं स्क्रीन पूस, तिथं कर्सर हलव, मधेच बीप. व्हेरिएबलची नावं — अ१, अ२, अ२२! हे फक्त आपल्या जालन्याच्या लॅबमधल्या डॉसच्या पीसीवरच चालणार. दुसऱ्या कंपायलरला दिलं तर तो उलटीच करंल.

आणि आता दुसरीकडं चालवायचंच आहे. औरंगाबादच्या हेड ऑफिसला युनिक्सचं मोठं मशीन आलं. दोन्हीकडं एकच प्रोग्राम पाहिजे. सर म्हणले, तू नवी आहेस, तू कर.

काम तर एवढंसं! कपाशीच्या बियाण्याचा लॉट आला की त्यातल्या चारशे बिया ओल्या कागदात ठेवायच्या. शंभर-शंभराच्या चार गुंडाळ्या. किती उगवल्या ते मोजून कार्डावर लिहायचं. उषाबाई ते चार आकडे पीसीत टाकतात, चिठ्ठी निघते — पास न्हाईतर नापास. शंभरात पासष्ट उगवल्या की पास. चिठ्ठीवर टक्के छापत न्हाईत. मॅनेजर अण्णासाहेबांचा हुकूम — शेतकरी अर्ध्या टक्क्यावरून भांडतात म्हणे.

७ जानेवारी

आज सगळी साफसफाई. नियम एकच — जे पास्कलच्या स्टँडर्डच्या पुस्तकात न्हाई ते माझ्या प्रोग्राममध्ये न्हाई. बीप गेला. कर्सर गेला. स्ट्रिंग गेल्या. लाँगइंट नावाचा मोठ्या आकड्यांसाठीचा टर्बोचा एक प्रकार आहे, तो पुस्तकात न्हाई. गेला! त्याच्या जागी साधा इंटिजर, पूर्ण आकड्यांचा पुस्तकातला प्रकार.

त्या लाँगइंटच्या ओळीपाशी सरांनी कमेंट टाकल्ती — ‘हात लावू नका’. अरे, का लावू नका ते लिहा ना! ही कमेंट आहे का बोर्डिंगच्या भिंतीवरची पाटी? तीही पुसली.

सर मागून बघत होते. म्हणले, “मॅडम, चार वर्षं झाली चालतंय ते.” मी म्हणलं, सर, फक्त ह्याच डब्ब्यावर चालतं. एका बोटानं त्यांचं टाइपिंग चालूच. मला त्या टकटकीचापण वीट आलाय.

११ जानेवारी

औरंगाबाद. सकाळच्या एसटीनं गेल्ते, फ्लॉपी डब्यात, डबा मांडीवर. कंपाइल केलं — झीरो एरर! मागच्या वर्षीचे साठ लॉट टाकून बघितले, साठच्या साठ बराबर. तिथला इनचार्ज म्हणला, जालन्यात असं कोण लिहितं? मी!!

१२ जानेवारी

इथल्या पीसीवरपण टाकला. कार्डांच्या गठ्ठ्यातलं वरचंच एक कार्ड घेतलं, चारशेत दोनशे नव्वद. पास. झालं, चालू.

२१ जानेवारी

सर गुडघ्याच्या ऑपरेशनला रजेवर. महिनाभर टकटक न्हाई.

२ फेब्रुवारी, मंगळवार

आजचा दिवस नकोच होता.

चतुराआत्या टेंभुर्णीहून आल्ती. तिचा लॉट नापास झाला. सहा वर्षांपासून ती ह्या कंपनीसाठी अर्ध्या एकरात संकरित कपाशीचं बियाणं करते. एकेका फुलाचे पुंकेसर हातानं काढायचे, दुसऱ्या दिवशी हातानंच दुसऱ्या फुलाचे परागकण लावायचे. दोन महिने रोज. तिच्या अंगठ्याचं नख कायमचं हिरवं-काळं झालंय. आता कंपनीचा नियम — नापास बियाणं आठवड्याभरात तेलाच्या घाण्यावर, आणि नाव यादीतून कट. म्हणजे पुढच्या वर्षी प्लॉट बंद.

आणि ती काय घेऊन आली? ओलं गोणपाट! घरी शंभर बिया त्याच्यात गुंडाळून उगवल्या, ते गुंडाळं तसंच बसमध्ये मांडीवर धरून आणलं. अण्णासाहेबांच्या ऑफिससमोर फरशीवर उलगडलं. पांढरे मोड, चिखलाचं पाणी, कुबट वास. सगळे बघून राह्यले. मला इतकी लाज वाटली! कुणीतरी म्हणलं, “मॅडमच्या आत्या का?” मी तिला गोणपाटासकट हाताला धरून बाहेर व्हरांड्यात नेलं.

“मोज,” म्हणली. “सहाच सडल्या.”

मी मोजलं न्हाई. म्हणलं, आत्या, गोणपाटावर टेस्ट होत न्हाई, लॅबची पद्धत असती. कार्ड दाखव म्हणली. कार्डं तर दर शनिवारी औरंगाबादला जातात, ती गेल्ती.

“तुझ्या मशीनला काही झालं नसंल ना?”

न्हाई म्हणलं. बिलकुल न्हाई. मी स्वतः लिहिलाय प्रोग्राम.

मंग म्हणली, “तू लिहिला म्हणल्यावर खोटं कसं असंल? माझंच चुकलं. वाळवायला दोन उन्हं कमी पडली असतील.” गोणपाट गुंडाळलं, चहापण न पिता गेली.

फरशी मीच पुसली. हाताचा वास जात न्हाई.

५ फेब्रुवारी

आत्याचा विचार येतो, मंग राग येतो. गावाकडच्या लोकांना टेस्टिंग म्हणजे काय ते कधी कळणार?

१० फेब्रुवारी, बुधवार

औरंगाबादहून फोन. त्यांनी आपलीच कार्डं त्यांच्या मशीनवर टाकली. अकरा लॉटचा निकाल उलटा — इथं नापास, तिथं पास. प्रोग्राम तोच! अक्षर न् अक्षर तोच!

म्हणजे हा पीसीच सडलाय. व्हायरस असंल, न्हाईतर उषाबाईंनी आकडे चुकवले. त्यांना विचारलं, कार्डावर काय होतं आठवतं का? त्या म्हणल्या, “मी आकडे टाकते गं बाई, वाचत न्हाई.” ह्या लॅबची मला किळस आली आहे. धूळ, गळकं छप्पर, मधेच जाणारी लाईट — असल्या जागी चांगला कोड टिकंल कसा!

अकरा कार्डं परत मागवलीत.

१३ फेब्रुवारी, शनिवार

कार्डं आली. आत्याचं — ९५, ९७, ९६, ९४. चारशेत ३८२.

माझा प्रोग्राम आधी शंभरानं गुणतो, मंग चारशेनं भागतो. ३८,२००. इथल्या पीसीच्या इंटिजरमध्ये ३२,७६७च्या पुढं मावत न्हाई. गुपचूप उणे होतं. छापून बघितलं — उणे २७,३३६. उणे म्हणजे पासष्टच्या खाली. नापास. औरंगाबादचा इंटिजर मोठा, तिथं मावतं. सरांनी त्याच्याचसाठी लाँगइंट ठेवल्ता.

३२७ उगवल्या तर पास. ३२८ उगवल्या की नापास. अकराही सगळ्यात चांगले लॉट.

गोदामात गेल्ते. आत्याची पोती सोमवारीच घाण्यावर गेली.

लाँगइंटची ओळ आणि सरांची कमेंट परत टाकली. ‘हात लावू नका’च्या खाली कारण लिहिलं, माझं नाव लिहिलं. उद्या पहिल्या बसनं टेंभुर्णी.