टीव्हीतलं लिंबाचं झाड

मंगळवार, १८ नोव्हें.
अन् वरून सर मलेच म्हणते, तुमची पोरगी ढ आहे. ढ होती तं तुमीच तिचं नाव आठवीच्या स्कॉलरशिपच्या तुकडीत काहून घातलं? तवा सर खडूनं फळ्यावर लिवत होते. आता भितीवर मोठा टीव्ही लावला, तवापासून कांचनच्या वहीत अर्ध्या ओळी. घरी येते ते डोळे चोळत, डोकं धरून. सर म्हणते, मोबाईल पाहत असन. घरात एकच मोबाईल, तो तिच्या बापासंग दिवसभर वावरात.

गुरु. २०
कांचनचे डोळे दाखवाले अकोल्याले नेली. डॉक्टरीणबाईनं अक्षरं वाचाले लावली. नंबर नाही निंघाला. "वर्गात समोर काय दिसते बेटा?"
कांचन म्हणे, "लिंबाचं झाड."
"टीव्हीत झाड कुठून आलं वं?"
"खिडकीतलं. दुपारी टीव्हीत तेच दिसते."
बाई हासली नाही. थेंब दिले. म्हणे, उजेड अडवा, नुसत्या थेंबानं हे जाणार नाही.

सोम. २४
शाळेत गेली. कांचनच्या बाकावर बसली. पोट्टे हासले, हासू दे. उंच म्हणून तिले सगळ्यात मागं टाकलं. टीव्हीत खिडकी, लिंब, अन् मी. माझं कुंकू भी दिसलं. गणित नाही दिसलं.
बाजूची पोट्टी हळूच म्हणे, "काकू, आमी पुढच्याच्या वहीतून उतरवतो. कांचन नाही उतरवत, म्हणून तिचं राह्यते."
सरले म्हटलं, पडदा लावा. म्हणे, पडद्याचं कापड आलं होतं, त्याची टीव्हीले खोळ शिवली, धूळ बसते ना. झालर लावून. खिडकी उघडी अन् टीव्हीले पडदा.
मंग टीव्ही दुसऱ्या भितीवर न्या. तर म्हणे, पूजा तिथं झाली, देणाऱ्याचं नावही तिथंच रंगवलं.

गुरु. २७
माझी जुनी हिरवी साडी नेऊन खिडकीले बांधली. जाड आहे. कांचननं आज सगळं उतरवलं. जेवताना बोलत होती.
संध्याकाळी शिपाई साडी घडी करून घेऊन आला. "मोठे सर म्हणते, शाळा आहे, धुणं वाळवाची जागा नाही."

शुक्र. २८
तुकडीतून कांचनचं नाव कापलं. कोपऱ्यातल्या जुन्या फळ्यावर तसं खडूनं लिवलं. ते मात्र तिले मागून साफ दिसलं.
रडली नाही. दप्तर उघडलं नाही. "आई, सोमवारपासून मी तुह्यासंग कापूस येचाले येतो."
भाकर करपली.

शनि. २९
मोठ्या सरच्या टेबलावर साडी ठेवली. म्हटलं, ही लावा. नाहीतं ती खोळ द्या, उसवून खिडकीच्या मापानं मी शिवून देतो. अन् पोरीचं नाव परत लिवा.
"समितीत विचारून पाहू, ताई."
"कवा?"
"पाहू."
म्हटलं, सोमवारी प्रार्थनेच्या आधी हो का नाही ते सांगा. मी फाटकापाशी उभी राहतो. कांचन संग असन. एका हातात तिचं दप्तर आणतो, एका हातात कापूस येचाचं फडकं. फडकं कमरेले बांधाचं का दप्तर पाठीवर टाकाचं, ते तुमच्या तोंडून ऐकू द्या तिले. सोमवारी.