मामांनी दहा कमी केले त्याबाबत

अन् आता अर्जुनरावांच्या अमरसिंहाची सोयरीक मोडायला आली, तर त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर. वा मामा. मी इथं म्हैसूरच्या पल्याड डोंगरात ओली हळद सोलत बसलोय, तुम्ही तिकडं तलवाड्यात बैठकीत बसून तोंड उघडलं, अन् दोष कुणाचा, तर सोमनाथचा. मागं शेळीचं पोट फुगलं तेव्हाही मीच कारणीभूत होतो म्हणे, तेव्हाही मी एवढाच लांब होतो.

(नमस्कार राहिला. तीर्थरूप सुग्रीवमामांच्या पायावर भाच्याचा दंडवत. ज्या टाचेला सूज आहे ती सोडून दुसऱ्या टाचेवर घ्यावा. तुमची तब्येत विचारत नाही, ती सगळ्या गेवराई तालुक्याला तोंडपाठ आहे. मी खुशाल. फोन तुम्ही कपाटात घातलाय म्हणून हे पत्र. सातवीची परीक्षा सोडली त्यानंतर एवढं लिहायची पहिलीच पाळी, शुद्धलेखन चुकलं तर अंजूनं वाचताना सुधारावं. अंजू, सुधारायचं, गाळायचं न्हाई. बाप डोळे वटारील तरी.)

तुम्ही गोष्ट नेहमी शेपटीकडून सांगता, म्हणून मी तोंडाकडून सांगतो. उन्हाळ्यात तुमची टाच दुखायला लागली. गेवराईच्या डॉक्टरनं रक्त तपासलं अन् म्हणाला, अंगात बारीक सूज आहे, बाहेरून दिसत नाही, सीआरपी वाढलंय. न दिसणारा आजार म्हटल्यावर तुम्हाला कोण आनंद. आजवर गावात कुणाला झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी पारावर तुम्ही सांगितलं, सीआरपीएफ वाढलंय. त्यावर गोदाकाठच्या दोघांनी वाळूचे ट्रॅक्टर आठवडाभर कडब्याखाली झाकून ठेवले. तालुक्यात एवढा बंदोबस्त आजवर कुणाला जमला नव्हता.

मग तुम्हीच मला फोन केलता की तू मोठ्या लोकांच्या दवाखान्यात कामाला आहेस, तिथला उपाय कळीव. (दवाखाना कसला, निसर्गोपचार केंद्र आहे. मोठमोठ्या गाड्यांतून माणसं येतात, लाखभर भरतात, अन् त्यांना आम्ही अर्धी ज्वारीची भाकरी, पालेभाजी अन् जवसाची चटणी वाढतो. भाकरी ताटात पडली की बायका फोटो काढतात. संध्याकाळी सगळे गोल वाटेवर चालतात. पुढं एक शेळी नाही, हातात काठी नाही, कुठं पोचायचं नाही, नुसतं गोल. मला तर त्यांच्याकडं बघून गरगरतं.) इथं पुण्याच्या एक डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी मराठी पाहुण्यांसमोर भाषण केलं, ते मी दाराआड उभं राहून, एका हातात डाव, एका हातात मोबाईल, असं तुमच्यासाठी भरून घेतलं अन् पाठवलं. बाई लई चांगलं बोलल्या. ओला कडबा गंजीत रचला की वरून काही दिसत नाही अन् आतून धुमसत राहतो, तसं अंगाचं होतं (कडबा माझा, बाईंनी दुसरं काहीतरी सांगितलतं). तर रोजच्या सवयी बदला, म्हणाल्या, अन् शरीरातला दाह कमी करा.

दाह. मामा, दाह. आपल्यात आग होते, जळजळ होते, भडका होतो, पण दाह कुणाला होत नाही. तुम्ही तरी कुठून ओळखणार. तुम्ही ऐकलं, दहा कमी करा. आपल्यात दहाला धा म्हणतात हे तुमच्या ध्यानात आलं असतं तर बरं, पण तुम्ही म्हणालात, बाई पुण्याची, शुद्ध बोलणार, दहाच म्हणणार. तुमची हुशारी तुम्हाला नेहमी अशी अर्ध्या रस्त्यापर्यंत नेते अन् तिथं उतरवून देते.

पुढं तुम्ही भाषण पुन्हा ऐकून बोटं मोजली, तर गोष्टी भरल्या सहाच. तंबाखू सोडा, साखर-तळण कमी करा, भाजी-डाळ वाढवा, रोज चाला, पुरेसं झोपा, डोक्यात राग धरू नका. दहा कमी करायचे अन् सापडले सहा, म्हणजे उरलेले चार घरच्या कर्त्या माणसावर सोपवलेत, असा तुम्ही अर्थ काढला. बरं, चारच काढले असते. तुम्ही दहाच्या दहा घरचे काढले. मामीचा दुपारचा चहा बंद. मामीचं शनिवारचं भजन बंद (जागरणानं सूज येते, मामीला जागरण, सूज तुम्हाला). अंजूचा टीव्ही बंद. शेंगदाण्याचं कूट बंद. पाहुणे बंद, त्यातही फक्त मामीच्या माहेरचे. माझा फोन येतो म्हणून फोन बंद. बायांनी दवाखान्याला पैसा घालणं बंद. बाकीचे अंजूला आठवत नाहीत अन् मला ऐकवत नाहीत. आता मला एवढंच सांगा, बाईनं पहिलं नाव तंबाखूचं घेतलं, ती का म्हणून राहिली? ती दहात कुठंच बसली न्हाई? अन् फाट्यावरच्या हॉटेलातला गोड चहा अन् त्यासोबतची भजी, ती सूज उतरवते, असं बाईच्या भाषणात मला तरी सापडलं नाही, मी दोनदा ऐकलं.

अन् चालणं. यावर मी हसावं का रडावं कळंना. जन्मभर तुम्ही शेळ्यांमागं उन्हातान्हात हिंडला, तेव्हा टाचेची कुरकुर नव्हती. डॉक्टरनं चालायला सांगितलं, तर तुम्ही शेळ्या मामीच्या हवाली केल्या. का? तर तुम्हाला चालायला वेळ मिळावा. आता रोज पांढरे बूट घालून तुम्ही फाट्यापर्यंत चालता, भजी खाता, अन् कुणाच्या तरी मोटारसायकलीवर बसून परत येता. दिवसभर शेळ्यांमागं चालते मामी, अन् चालण्याचा मान तुमचा.

आता सोयरीक. अर्जुनरावांनी तुम्हाला बैठकीला बोलावलं ते तुम्ही ग्रामपंचायतीचे जुने सदस्य, कोपऱ्यात बसले की चार माणसं जास्त दिसतात म्हणून. पाटोद्याहून मुलीचे वडील बंकटराव आलते. सोन्याचा आकडा तिशीवर अडला, कुणी हलेना. तेवढ्यात बुंदीचं ताट तुमच्यासमोर आलं, अन् तुम्ही ते बाजूला सारून घसा खाकरला अन् म्हणालात, "आता सगळ्यांनीच दहा कमी करा. मी केलेत. लई हलकं वाटतंय."

बंकटरावांना तुमच्या तोंडून देवच बोलल्यासारखं झालं. त्यांनी उठून तुमच्या गळ्यात टॉवेल घातला अन् म्हणाले, "सुग्रीवराव बोलले, आता माघार न्हाई. वीस तोळे." अर्जुनरावांनी तोंडातलं पान तसंच गिळलं. त्यांनी विचारलं, हे कुणी सांगितलं तुम्हाला? अन् तुम्ही खरं तेच सांगितलं, "बाईनं सांगितलं." नेमक्या विमलबाई, अर्जुनरावांच्या बायको, पुढचा चहा घेऊन दारात उभ्या. सगळी बैठक त्यांच्याकडं बघायला लागली. अर्जुनराव म्हणे अजून त्यांच्याशी बोलत नाहीत. अन् तुमच्याशी तर नाहीच. वीस मानले, पण मनातून सोयरीक मोडायला बसलेत. म्हणून तुमची अब्रू गेली, अन् ती घालवली मी. मामा, दहा तोळ्यांनी एका बापाचं ओझं उतरलं. जन्मात तुमच्या हातून एवढं पुण्य घडलं न्हाई, अन् जे घडलं ते तुम्ही माझ्या नावावर लोटताय. लोटा. मी घेतो.

एवढ्यावर मी पत्र लिहिलं नसतं. अंजूनं शेजारच्या वनमालाच्या फोनवरून मला एक गोष्ट सांगितली, तिच्यासाठी लिहितोय. सकाळी उठल्यावर मामीची बोटं मिटत नाहीत. आधी कोमट पाण्यात हात धरून बसते, मग धार काढायला जाते. भाकरी हातावर फिरत नाही, म्हणून जाड येते. परवा तुम्ही ताट सरकवलं अन् म्हणालात, "भाकरीला काय सूज आली का?" अन् फाट्यावर जाऊन तीच गंमत चार जणांना पुन्हा सांगितली.

भाकरीला न्हाई मामा. तिकडं तालुका तुमच्या न दिसणाऱ्या सुजेचं कौतुक करतोय, अन् दिसणारी सूज रोज तुमच्या ताटात वाढली जाते. तुमचं आतलं अंगही डॉक्टरला दिसतं, मामी कुणाला दिसत नाही. आई गेल्यावर ज्या हाताच्या भाकरीवर मी वाढलो तो हात आहे, म्हणून जास्त बोललो असेन. कमी बोललो असेन तर अंजूनं पदरची भर घालावी.

मी इथल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हे हळदीनं अन् सवयींनी जाणारं दिसत नाही, सांध्यांच्या डॉक्टरला लवकर दाखवा, उशीर झाला तर बोटं वाकडी राहतात. हे वाक्य मी भरून पाठवत नाही, लिहून पाठवतोय, म्हणजे तुम्हाला वेगळं काही ऐकू येणार नाही.

बाकी काय, घरच्या थोरांना नमस्कार, शेळ्यांना चारा.
तुमचा (इलाज नाही म्हणून) भाचा,
सोमनाथ

ता. क. – पुढच्या आठवड्यात मामीला बीडला घेऊन जा. तुम्ही स्वतः जा, अंजूवर ढकलू नका. मामी म्हणेल, मला काही झालं नाही. ते ऐकू नका. न ऐकण्याची तुम्हाला सवय आहे, एकदा कामी येऊ द्या. तोवर शेळ्या तुम्ही घ्या. इथं ज्या चालण्याला लोक लाख रुपये देतात ते तुम्हाला फुकटात, वर दूधही मिळेल.

ता. क. दुसरं – तुम्ही नाही गेलात तर मी येतो. इथं माझंही मन लागत नाही, ते निमित्तच बघतंय. अन् आलो की आधी अर्जुनरावांकडं जाऊन दाह अन् दहाचा फरक समजावून सांगतो, म्हणजे ते पुन्हा तिशीवर जातील अन् बंकटराव तो टॉवेल परत मागायला येतील.

ता. क. तिसरं – दर महिन्याला तुम्हाला पाठवतो ते चार हजार या खेपेला अंजूच्या खात्यावर टाकलेत, मामीच्या हातासाठी. तुमच्या नावाचे या पाकिटात वेगळे ठेवलेत. अंजू, हे नीट, पुणेरी शुद्ध बोलून वाच. दाह नव्हे. अक्षरी रुपये दहा फक्त.