हंड्यापाशी नुसतं बसायचं

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
ठरलं! यंदाची नाताळची बिअर उकळायची मी. सासरेबुवांनी जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं. त्यांचा गुडघा कामातून गेलाय, चार तास हंड्यापाशी बसवत नाही. बिअर जमली तर घरचा तांब्याचा हंडा माझा. नाही जमली तर मेव्हणीचा, म्हणजे गीरिडचा. सहा पिढ्यांचा हंडा आहे. आमच्या व्होसच्या खोऱ्यात ज्याच्या हातात हंडा, त्याच्या शब्दाला किंमत. बाकीचे नुसतेच जावई. अकरा वर्षं मी नुसताच आहे.
गीरिडने विचारलं, "दाजी, तुम्हा बर्गनच्या शहरी लोकांना अंडं तरी उकडता येतं का हो?" जळते मेली. मी मनावर घेतलं नाही. (संध्याकाळपर्यंत चारदा आठवलं.)

३ डिसेंबर, बुधवार
अभ्यास सुरू. तीन पुस्तकं, एक डिजिटल थर्मामीटर, एक नवा एप्रन.
सासरेबुवांच्या सूचना अर्ध्या मिनिटात संपल्या. बार्लीचा गोड रस ते स्वतः काढून देणार. मी हंड्याखाली लाकडं सारायची आणि नुसतं बसायचं. मोजायच्या काठीवर त्यांच्या आजोबांनी कोरलेली खाच आहे. रस आटून तिथवर आला की आग काढायची. घड्याळ बघायचं नाही, झाकण ठेवायचं नाही, डोकं चालवायचं नाही. हे शेवटचं दोनदा म्हणाले. वय झालं की माणूस तेच तेच बोलतो.
मी विमा कंपनीत बारा वर्षं लोकांच्या चुका शोधतोय. या पद्धतीत दोन लगेच सापडल्या. लाकूड बेसुमार जळतं. आणि दीडशे लिटर रस आटून ऐंशी होतो. म्हणजे दरवर्षी सत्तर लिटर बिअर वाफ होऊन वर! सहा पिढ्यांत एकाच्याही लक्षात येऊ नये?
संकल्प: तरीही फक्त निरीक्षण करायचं.

६ डिसेंबर, शनिवार
सकाळी ९.४०. रस हंड्यात. आग पेटली. (सातव्या काडीला. लाकडं ओली.) सिनोवे थर्मास देऊन गेली. म्हणाली, हात मांडीखाली घालून बस. बायकोला काळजी असते.

१०.२५. उकळी फुटली. तपकिरी फेस भराभर वर येतोय. मी शांत.

१०.२७. शांत नाही. उतू गेला. अर्धी आग विझली, डाव्या बुटात रस. गीरिड कुठूनशी धावत आली, ओगराळंभर गार पाणी मारलं, फेस मुकाट्याने खाली बसला. "एवढंच असतं, दाजी," म्हणाली. मला माहीत होतंच, पण ओगराळं सापडत नव्हतं. हातातच होतं म्हणे.

१०.५०. अरे देवा. रसात फाटलेल्या दुधासारखे तुकडे फिरताहेत. नासला! पुन्हा गीरिडला हाक. ती पोट धरून हसली. असे तुकडे निघालेच पाहिजेत, त्यांनीच बिअर नितळ होते, म्हणाली. मी तुझी परीक्षा घेत होतो, असं सांगितलं. कडवटपणासाठी हॉप्सच्या सुक्या फुलांची पुरचुंडी रसात सोडली.

११.१५. बसलोय.

११.१९. अजून बसलोय.

११.३०. रस कमी होतोय. डोळ्यांदेखत! एवढं नुकसान जाणत्या माणसाने नुसतं बघत बसायचं? एक ओगराळं पाणी घातलं. गीरिडनेच दाखवलं होतं.

१२.०५. झाकण ठेवलं. आधी अर्धं, मग पूर्ण. लाकूड निम्मंच लागतंय. कुठूनतरी उकडलेल्या कोबीचा वास येतोय. शेजारी नील्सकडे जेवणाची तयारी चाललेली दिसते.

१.१०. ओगराळ्याने फार खेपा होतात. बादली आणली.

२.२५. चार तास पूर्ण! काठी बुडवली. रस खाचेच्या वीतभर वर. आजोबांच्या काळात मोजमापं ढोबळच असणार.

२.४०. खिडकीतून सासरेबुवा लंगडत येताना दिसले. आणखी तास-दोन तास उकळलं असतं तर भागलं असतं, हे मलाही कळतं. पण ते "अजून नाही झालं?" म्हणाले असते. आणि ते गीरिडने ऐकलं असतं. खिशात चाकू होता. वीतभर वर नवी खाच कोरली, काजळी चोळली. जुनीत मेण भरून वर राख फासली. यात खोटं काही नाही. सुधारणा आहे.

३.००. सासरेबुवांनी हंड्यात पाहिलं. एवढा रस उरला, म्हणाले. मी म्हटलं, मन लावून उकळला की उरतो. मग त्यांनी काठी हातात घेतली आणि बराच वेळ तिच्यावरून अंगठा फिरवत राहिले. आजोबांच्या आठवणीने गहिवरले असावेत. आग काढली.

१० डिसेंबर, बुधवार
सासरेबुवांनी रसात यीस्ट घातलं होतं, चार दिवसांत आंबून बिअर तयार. चाखायला शेजारीपाजारी न बोलावता आले, तशी रीतच आहे. नील्स पाच मग प्यायला आणि सरळ रेषेत चालत घरी गेला. जाताना सासरेबुवांना म्हणाला, "काय गोड पाणी आहे हो तुमच्या झऱ्याचं!" मोठं कौतुक झालं. एरवी या दिवशी लोक गातात, भांडतात, एखादा गोठ्यात झोपतो. आज रस्त्यावरच्या बर्फाविषयी चर्चा झाली. सुसंस्कृत कार्यक्रम. मग नाकाशी नेताच दोघांनी कोबीचा विषय काढला. असतो एकेकाचा आवडता पदार्थ.
हंडा मिळाल्यावरचं भाषण लिहायला घेतलं.

१३ डिसेंबर, शनिवार
सासरेबुवांनी सकाळीच मला बर्गनला पिटाळलं. तिथली मोहरीच हवी म्हणे. इथे दुकानात तीन प्रकारची आहे, पण म्हाताऱ्या माणसाचा हट्ट. दुपारी परत आलो तर हंड्याच्या खोलीतून धूर. गीरिड स्टुलावर बसून मोजे विणत होती. मी डोकावलो तशी म्हणाली, हंडा स्वच्छ करतेय. चार तास उकळून? कामाला चोख आहे पोरगी. उगाच नावं ठेवतो आपण.
भाषण पूर्ण. दोन पानं.

२४ डिसेंबर, बुधवार
पाचला चर्चच्या घंटा झाल्या, सगळे टेबलाशी बसलो. मेंढीच्या खारवलेल्या बरगड्या, सलगमचं भरीत. बिअर आली ती काकवीसारखी गडद. म्हटलं, दोन आठवड्यांत काय सुरेख मुरली माझी!
पहिला मग उकळणाऱ्याला द्यायचा असतो. सासरेबुवा तो मग घेऊन उठले. मीही उठलो. एक हात भाषणाच्या खिशाशी, दुसरा पुढे. ते माझ्या खुर्चीमागून लंगडत पुढे गेले आणि तो मग गीरिडच्या हातात दिला. "हंडा तुझा, पोरी," म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नील्सने सर्वांत जोरात.
परत येताना ते माझ्यापाशी थांबले. कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलले. "पाणी घातलंस त्याचं काही नाही रे. पाणी उडून जातं. आजोबांची खाच बुजवायला कशाला गेलास? सांगितलं असतंस तर मी बसलो असतो तुझ्यासोबत आणखी दोन तास."
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.
मी उभाच होतो, हात अजून पुढेच. सिनोवेने त्यात भरताचं भांडं ठेवलं. मग मी सगळ्यांना भरीत वाढलं.