हिवाळी गव्हाच्या न केलेल्या पाहणीबाबत

प्रति,
मा. पीकसंरक्षण अधिकारी,
विभागीय कार्यालय.

विषय: गव्हावरील पानडाग रोगाच्या चौकशी अहवालातील 'शेतकऱ्याचा हलगर्जीपणा' हा शेरा रद्द करून तेथे माझे नाव नोंदविण्याबाबत.
संदर्भ: आपला चौकशी अहवाल, दि. २ जुलै.

महोदय,

मी आपल्या कार्यालयात एकोणीस वर्षे पीक निरीक्षक आहे. दर सोमवारी नेमून दिलेल्या शेतात जाऊन हिवाळी गव्हाची खालची पाने तपासणे व तक्ता पाठविणे हे माझे काम. फवारणीचा सल्ला त्यावरूनच निघतो.

१) आपल्या थंड डोंगरी पट्ट्यात एप्रिलमध्ये गहू अजून हिरवाच असतो; यंदा तेव्हा सलग बारा दिवस पाऊस होता. अशा हवेत बुरशी पावसाच्या थेंबांबरोबर उडून खालच्या पानावरून वर चढते, हे मी इतरांना शिकवतो. पहिल्या सोमवारी मला ताप होता. दुसऱ्या सोमवारी नव्हता. तरीही दोन्ही तक्ते मी घरी बसून भरले व 'डाग नाहीत' असे लिहिले.

२) सदर शेत माझ्या थोरल्या वहिनींचे आहे. दुसऱ्या तक्त्यानंतर त्यांनी फोनवर विचारले, "भावजी, खाली तपकिरी ठिपके दिसताहेत. फवारून घेऊ का?" मी म्हणालो, "कालच बघून आलोय. थंडीनं पान भाजलंय, दुसरं काही नाही." बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही, याची आज जास्त लाज वाटते.

३) तीन आठवड्यांत ओंबीखालचे पानही करपले. दाणा पोचट राहिला. जूनमधील चौकशीत वहिनींनी "माझ्या लक्षात आलं नाही" असा जबाब दिला व बीजोत्पादकांच्या यादीतून त्यांचे नाव निघाले. मी शेजारच्याच खुर्चीवर होतो. मूग गिळून बसलो.

४) त्याच महिन्यात 'भर पावसातही एकही तक्ता न चुकविल्याबद्दल' मला प्रशस्तिपत्र मिळाले. ते परत करण्यास गेलो असता मोठे कारकून म्हणाले, "द्यायची नोंदवही आहे, घ्यायची नाही." सबब ते सोबत जोडले आहे. कोणत्याही वहीत घ्यावे.

५) गेल्या रविवारी मी वहिनींपाशी सारे कबूल केले. त्या वाटाणे सोलत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मे महिन्यातच कळलं मला. तपासलेल्या रोपाला तुम्ही दर सोमवारी वेगळ्या रंगाचा दोरा बांधता ना? त्या दोन आठवड्यांचा एकही दोरा नव्हता." मग चौकशीत का बोलला नाहीत, असे विचारता म्हणाल्या, "तुमची नोकरी गेली असती. शेत काय, पुन्हा पेरता येतं."

तरी सदर शेरा रद्द करावा, वहिनींचे नाव यादीत परत घ्यावे व माझ्यावर नियमानुसार कारवाई व्हावी, ही विनंती.

वहिनींना या अर्जाची कल्पना नाही. कळताच त्या तो मागे घ्यायला आपल्याकडे येतील. कृपया त्यांचे ऐकू नये.

आपला नम्र व दोषी,
(सही)
पीक निरीक्षक
दि. १८ जुलै

सोबत: प्रशस्तिपत्र, मूळ प्रत.